कॅमेऱ्याला स्तंभ, मशीनला भंगार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या टॉकीजच्या आठवणींवर तुमच्या पानात गेले काही दिवस पत्रं येताहेत, ती सगळी वाचली. पहिल्या दिवशीचा पहिला खेळ, ब्लॅकची तिकिटं, गाण्याला पडद्यावर उधळलेली चिल्लर, इंटर्व्हलचा वडा. लिहिणाऱ्यांनी मनापासून लिहिलंय, तक्रार काही नाही. पण ही सगळी मंडळी पडद्याकडे तोंड करून बसणारी. त्यांच्या पाठीमागं, बाल्कनीच्या वर, भिंतीला चौकोनी भोकं असायची. त्या भोकांमागं आमची नोकरी गेली. चित्र थांबलं, आवाज फाटला की हेच लोक एकदम मागं वळायचे आणि आमच्या घराण्याचा उद्धार करायचे. एरवी ऑपरेटर नावाचा कुणी माणूस वर बसलाय हे त्यांच्या गावीही नसे. तेव्हा एक पत्र केबिनमधूनही येऊ दे.

निमित्त असं, की दिवाळीआधी आमच्या तालुक्याच्या गावातली टॉकीज पाडली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं टॉकीज एकच होती, नाव लिहिलं की मालक कोण हे शेंबडं पोरगंही सांगेल, आणि मला त्या घराशी भांडण काढायचं नाही. त्यांचं मीठ खाल्लंय. जागा त्यांची, बंद पडलेल्या इमारतीचा घरफाळा भरायचा त्यांनी, मग निर्णयही त्यांचाच. माझं दुखणं वेगळं आहे. पाडायच्या आधी केबिनमधली सिनेमा दाखवायची दोन्ही मशीनं, म्हणजे प्रोजेक्टर, भंगारवाल्यानं वजनावर नेली. बीडाचं लोखंड म्हणून भाव ठरला. त्याबरोबर रीळ परत गुंडाळायचा रिवायंडर गेला, लेन्सच्या पितळी नळ्या गेल्या, स्लाइडच्या काचा फुटून गेल्या. बुकिंगच्या खोलीवरच्या माळ्यात रजिस्टरांचे गठ्ठे होते, ते रद्दीत. मला कळलं तोवर टेम्पो निघून गेला होता.

हे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात झालं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. पण आपण उठता-बसता कोल्हापूरला चित्रपटसृष्टीचं माहेरघर म्हणतो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथं हार पडतात, भाषणं होतात. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली इथं देशी कॅमेरा उभा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनीला गायिका तानीबाई कागलकरांनी पैशाचा आधार दिला, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला आणि लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं, हे सगळ्यांना पाठ. १ जून १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथं सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली, हेही पाठ. सांगताना अजून थोडं वाईट वाटतं आपल्याला. पण या गोष्टीतली सुरुवातीची एक ओळ नेहमी गाळली जाते. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव कॅमेरा बनवायच्या आधी सिनेमा दाखवणारे होते. ‘डेक्कन सिनेमा’ या नावानं त्यांनी खेळ चालवले, आणि ते चालवता चालवताच कॅमेऱ्याच्या मागं लागले. आनंदराव १९१६ साली गेले, कॅमेरा पुरा झालेला त्यांना दिसला नाही. पुढं बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो तडीला नेला. म्हणजे या गावात दाखवणारा आधी आला आणि बनवणारा नंतर. कॅमेरा करायला ज्याचं डोकं चाललं, त्या डोक्यानं आधी दाखवायचं मशीन उघडून बघितलं नसेल, असं मला कुणी सांगितलं तरी पटणार नाही. दोघांचं पोट एकच. फिल्मची पट्टी सरळ धावत नाही, एकेका चित्राला थांबत थांबत पुढं जाते. आमच्या मशीनमध्ये तेलात बुडालेला चार फाट्यांचा क्रॉस असतो, तो ही थांबवा-थांबवी करतो, सेकंदाला चोवीस वेळा. पुढच्या पडद्यावर मात्र सगळं सलग दिसतं.

जयप्रभा स्टुडिओ वाचवायला लोक रस्त्यावर बसले, उपोषणं केली, आणि बरोबरच केलं. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं त्या रात्री अख्खं गाव तिथं जाऊन उभं राहिलं. मीही गेलो होतो. मग सिनेमा जिथं लोकांनी प्रत्यक्ष बघितला त्या जागांचं आपल्याला काहीच का वाटू नये? आमच्या वाट्याला चौकांची नावं आली. उमा टॉकीज चौकात रिक्षा थांबते, व्हीनस कॉर्नरला सिग्नल लागतो. बस्स.

आता आमच्या गावच्या टॉकीजचं सांगतो, कारण ते सांगणारं दुसरं कुणी उरलं नाही. आधी तिथं तंबू होता. जत्रा झाली, सुगी झाली की फिरती टॉकीज यायची, पाऊस सुरू झाला की गुंडाळून जायची. ऑइल इंजिनावर वीज, खाली माती, मधे दोरी. दोरीच्या एका अंगाला बायका, एका अंगाला बाप्ये. मग गुळाच्या अडतीत पैसा केलेल्या आमच्या मालकांच्या वडिलांनी पत्र्याचं शेड घातलं. पुढं बाकडी, मागं लाकडी खुर्च्या, आणि बऱ्याच वर्षांनी बाल्कनी. मी हेल्पर म्हणून लागलो तेव्हा बाल्कनी नवी होती आणि तिथं बसणारे म्हणजे मामलेदार कचेरीतले साहेब आणि कारखान्याचे लोक. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की हिरो काय बोलतो ते त्याचं त्यालाच ऐकू. आम्ही आवाज पुरा चढवायचो, तरी लोक ओठांवरून समजून घ्यायचे.

सिनेमा आमच्याकडं शेवटी यायचा. मुंबई झाली, पुणं झालं, कोल्हापुरात आठवडे काढले, की मग रिळांची पेटी एस.टी.च्या टपावरून आमच्या गावात उतरायची. तोवर पट्टीवर इतके ओरखडे पडलेले असायचे की पडद्यावर पाऊस पडायचा. वाळवंटातल्या शिकारीच्या सीनमध्येही पाऊस. पेटी उतरली की गावभर बोभाटा. गावच्या पेंटरनं बोर्ड रंगवून ठेवलेला असे. जी. कांबळ्यांसारख्या पोस्टर रंगवणाऱ्याचा जिल्हा आमचा, त्यामुळं आमचा पेंटरही स्वतःला काही कमी समजायचा नाही. हिरोइनीचं नाक त्याच्या मनाजोगं होईपर्यंत बोर्ड चढवू द्यायचा नाही. मग छकडागाडीला बोर्ड लावून, वर कर्णा बांधून गावातून फेरी.

पेटी आली की माझं काम सुरू. हजार फुटांचं एक रीळ, अकरा मिनिटांचं. दोन-दोन जोडून आम्ही मोठी रिळं करायचो. सगळी पट्टी बोटांच्या चिमटीतून सोडायची, डोळ्यांनी नाही. कुठं भोकं फाटलीत, कुठं जोड सुटायला आलाय, ते बोटालाच कळतं. सुटलेला जोड असेल तिथं थर खरवडून फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं आणि दाबून धरायचं. प्रत्येक जोडाला दोन-चार चित्रं जायची. आमच्याआधी दहा गावांत ती पट्टी तुटलेली असायची, त्यामुळं काही गाणी आमच्या गावानं पूर्ण कधी बघितलीच नाहीत. तुटके तुकडे खाली टाकले की पोरं भिंग आणि आरसा घेऊन टपलेलीच.

कार्बनविषयी थोडं लांबण लावतो, त्याला इलाज नाही. बल्ब नव्हता आमच्याकडं. मशीनच्या पाठीमागं पत्र्याच्या पेटीत कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर असायच्या, वरून तांब्याचा पातळ मुलामा. एक जाड, एक बारीक. त्यांची टोकं क्षणभर भिडवायची आणि लगेच मागं घ्यायची, की मधे वेल्डिंगसारखा पांढरा उजेड पडायचा. उघड्या डोळ्यानं बघायचं नाही. काळी काच असायची, तिच्यातून बघायचं. कांड्या जळत जातात तसं मधलं अंतर वाढतं, म्हणून मूठ हळूहळू फिरवत राहायचं. जास्त झालं तर उजेड थरथरतो, कमी झालं तर पडदा पिवळा पडतो आणि खालून बोंब उठते. धूर जायला वर धुराडं. कांड्यांना वीज पुरवणारा रेक्टिफायर कोपऱ्यात घुमत असायचा. चैत्रात त्या केबिनमध्ये आम्ही बनियनवर बसायचो, दारात वाळूच्या लाल बादल्या. पूर्वीची पट्टी पेट घेणारी होती, तेव्हापासूनचा तो नियम. पट्टी बदलली, बादल्या राहिल्या. उरलेला कांडीचा तुकडा पुढचं रीळ काढेल का, हा रोजचा जुगार. कारण मालक कार्बन मोजून द्यायचे. जळताना तांब्याचे थेंब पेटीच्या तळाशी पडायचे, ते मात्र आमच्याकडं ऑपरेटरच्या हक्काचे होते. डबा भरला की कोल्हापूरला मोडीत घालायचा. आमच्या घरातली पहिली सायकल त्यातली आहे.

आणि एका मशीनवरून दुसऱ्यावर जाणं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो, सेकंदाचा जेमतेम सहावा भाग. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सोडायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की इकडचं झाकण पाड आणि तिकडचं उघड. खाली कुणाला पत्ता लागता कामा नये. आमच्याकडं आलेल्या प्रिंटचे शेवट इतके कापलेले असत की ठिपकेच गायब. मग आधीच्या गावच्या ऑपरेटरांनी सुईनं खरडलेल्या फुल्या शोधायच्या. कुणी गोल करायचं, कुणी फुली, कुणी भोकच पाडायचं. प्रत्यक्ष भेटलो नाही, पण फुलीवरून माणूस ओळखायचो मी. एक होता, तो नेहमी जरा उशिरा खूण करायचा. त्याच्यामुळं फार शिव्या खाल्ल्यात.

सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची बातमीपट्टी लावणं सक्तीचं होतं आणि तिचं भाडंही थिएटरनंच भरायचं. बातम्या शिळ्या, धरणाचं उद्घाटन दिसायचं तोवर धरण भरलेलं. स्लाइडचं काम मात्र मला आवडायचं. काचेवर काळी शाई फासायची, वाळली की सुईनं अक्षरं कोरायची, आणि मशीनपुढं धरायची. दुकानांच्या जाहिराती होत्याच, पण मधेच खालून डोअरकीपर चिठ्ठी आणायचा. अमक्या वाडीच्या तमक्यांनी ताबडतोब बाहेर यावे. म्हैस सुटली, पाव्हणे आले, शेवटची गाडी निघाली. एकदा एका बाईनं घरधन्याला बोलवायला चिठ्ठी पाठवली आणि कारण लिहिलं, ‘त्यांना माहीत आहे’. तशीच कोरली. पाच-सहा जण उठून बाहेर गेले.

गर्दी म्हणाल तर ‘माहेरची साडी’. १९९१ चा सिनेमा, आमच्याकडं अर्थातच नंतर लागला. आजूबाजूच्या वाड्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून बायका आल्या, खुर्च्या संपल्यावर मधल्या वाटेत चटया टाकल्या, सकाळी एक जादा खेळ ठेवावा लागला. त्या दिवसांत वरून खाली बघितलं तर नुसते पदर डोळ्याला लावलेले. कार्बन मालकांनी त्या महिन्यात न मोजता दिले.

त्यानंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. रंगीत टीव्ही, व्हिडिओ, केबल, सीडी. दोन हजारच्या दशकात उपग्रहावरून सिनेमा यायला लागला, पेटी बंद झाली, आणि गावाला मुंबईच्याच शुक्रवारी नवा सिनेमा मिळायला लागला. जन्मभर ज्याची वाट बघितली ते आलं, तेव्हा बघणारे घरी बसले होते. मार्च २०२० मध्ये सगळीच थिएटरं बंद झाली. ५ नोव्हेंबरला निम्म्या खुर्च्यांवर परवानगी आली, पुन्हा बंदी आली, २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडायला सांगितलं. आमची उघडली नाही. आता सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांच्या आतल्या तिकिटावरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आणलाय. चांगलं केलं. पण शंभराच्या आतलं तिकीट ज्या टॉकीजमध्ये विकलं जायचं तिथं आता प्लॉट पडलेत.

मशीनचं दुःख आहेच, पण मला खरी चुटपुट लागलीय ती रजिस्टरांची. रोजच्या खेळाचा हिशोब, ज्याला आम्ही डीसीआर म्हणायचो, वितरकाला आणि करमणूक कराच्या माणसाला दाखवायला लागायचा. सिनेमाचं नाव, खेळ, कुठल्या वर्गाची किती तिकिटं, कर किती, निव्वळ किती. शेवटी शेऱ्याचा रकाना. आमचे बुकिंग क्लार्क अक्षराचे देखणे आणि स्वभावाचे चिकित्सक. ते शेरा रिकामा सोडायचे नाहीत. ‘ऊसबिल वाटप, खुर्च्या कमी पडल्या.’ ‘गावात मयत, रात्रीचा खेळ रद्द.’ ‘लाइट गेली, पैसे परत.’ ‘ओढ्याला पाणी, वाडीचे लोक अडकले, हॉलमध्येच झोपवले.’ ‘परीक्षा सुरू.’ आमच्या गावात कुठल्या महिन्यात पैसा खेळत होता, पाऊस कधी ओढ देऊन बसला, कुठल्या वर्षी तिकीट किती झालं आणि त्यावर सरकार किती घेत होतं, हे तारखेवार दुसरीकडं कुठं लिहिलेलं सापडेल? शिवाजी विद्यापीठात एखाद्या पोराला त्यावर पीएच.डी. करता आली असती. त्या रजिस्टरांच्या आता पुड्या बांधल्या गेल्या असतील, शेंगदाण्याच्या.

माझी मागणी मोठी नाही. जिल्ह्यात अजून काही बंद टॉकीज उभ्या आहेत. पाडायला परवानगी मागतील तेव्हा नगरपालिकेनं, महापालिकेनं एवढंच करावं, की पाडायच्या आधी एक माणूस केबिनमध्ये आणि बुकिंगच्या माळ्यावर जाऊन बघून येईल. कागद असतील तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोचवावेत. मालक नाही म्हणणार नाहीत, रद्दीचा भाव तो काय! मशीनं चित्रनगरीत किंवा शहरात जिथं जागा मिळेल तिथं आणावीत. पण काचेच्या कपाटात ठेवू नका. रंग देऊन, हार घालून चौथऱ्यावर तर मुळीच नको. मशीन चाललं पाहिजे. तेल घालून, पट्टी चढवून, कार्बन पेटवून, महिन्यातून एक रीळ लोकांना दाखवलं पाहिजे. अकरा मिनिटांचं. शाळेच्या पोरांनी केबिनमध्ये यावं, भोकातून बघावं, गरम हवा तोंडावर घ्यावी. अमुक एक पार्ट मिळत नाही म्हणून अडणार असेल तर आपल्या शिरोलीतल्या आणि उद्यमनगरातल्या कारखान्यांत काय घडत नाही ते मला दाखवा. बाबूरावांना कुठं शोरूम होतं!

माणसांचा प्रश्न असेल तर माणसं आहेत. कार्बनवर काम केलेले आम्ही ऑपरेटर थोडे उरलोय, कुणाचा डोळा गेलाय, कुणाचा गुडघा, पण पट्टी चढवायला अंधारातसुद्धा चुकणार नाही. एक-दोन तरुण पोरं आमच्या हाताखाली द्या. महिन्याभरात तयार करतो. पगार नको, चहा पाजा.

घाई एवढ्यासाठी, की कार्बन आता दुकानात मिळत नाहीत. माझ्याकडं जुन्या स्टॉकमधला अर्धा खोका आहे, कोरड्या जागी ठेवलाय, कारण दमट कार्बन फुटतो. आणखी कुणाकडं असेल तर टाकू नका. बंद थिएटरच्या मालकांपैकी कुणी हे वाचत असेल आणि केबिनला कुलूप असेल, तर भंगारवाल्याच्या आधी मला बोलवा, स्वखर्चानं येतो, काय ठेवण्यासारखं आहे ते सांगतो आणि निघतो. माझं नाव आणि फोन नंबर पत्राखाली छापू नये ही विनंती. पण कुणी विचारत आलं तर कार्यालयातून जरूर द्यावा. दुपारी दोननंतर फोन केलेला बरा, सकाळी मी रंकाळ्यावर असतो.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर
शिवाजी पेठ, कोल्हापूर